वायर उपटून पाहिलं नाही

३ ऑक्टोबर, मंगळवार

ल्याव सरांचा पॅच, म्हणजे सुधारणेचा तुकडा, आज शानहू या नोंदी साठवणाऱ्या प्रोग्रामच्या मूळ कोडमध्ये गेला. खाली नोंद — लिहिणारे: ल्याव. तपासणारी: को यू-छिन. माझं नाव! किती दवाखाने, बंदरं, पतपेढ्या आपल्या नोंदी शानहूत ठेवतात. आता ते नाव कोणालाच पुसता येणार नाही.

सर फोनवर म्हणाले, "अगं, आता तरी हस! तीन महिने छळलंस मला."

हसले. फोन लगेच ठेवला.

४ ऑक्टोबर

इथे तरी खरं लिहू. शानहूवर काम करणाऱ्यांची पत्रं जिथे सगळ्यांना दिसतात, त्या यादीवर मी लिहिलं होतं, "अचानक बंद पडलं तरी नोंदी सुरक्षित — तपासलं." तपासलं ते फक्त प्रोग्राम मध्येच मारून. संगणकाची वायर भिंतीतून उपटून नाही. प्रोग्राम मेला तरी त्याने सोपवलेलं संगणक डिस्कवर उतरवतो. वीजच गेली तर नाही. हे मला माहीत होतं! सगळे असंच तपासतात, म्हणून सोडून दिलं.

बाबा बाजारातली वजनं तपासायचे. दम्यामुळे मी दहा वर्षांची होईपर्यंत शाळेत गेले नाही. बेरीज-वजाबाकी त्यांच्या वजनांवरच शिकले. नवं कोरं वजनसुद्धा तोलल्याशिवाय ते शिक्का मारत नसत. एकदा मी न तोलताच "बरोबर" म्हणाले. ओरडले नाहीत. तेच वजन पुन्हा माझ्या हातात दिलं, बस्स.

५ ऑक्टोबर

माशाची पेज आणली, तशीच निवली.

७ ऑक्टोबर, शनिवार

जुना संगणक काढला. नोंदी लिहायला लावायच्या, मध्येच वायर उपटायची, पुन्हा लावून मोजायचं. साठ वेळा सगळं ठीक. उठणारच होते. एकसष्टाव्या वेळी — शंभर नोंदींना "जतन झाली" अशी पोच मिळालेली, सापडल्या सत्त्याण्णव. कुठे इशारा नाही, तक्रार नाही. तीन नोंदी नुसत्या नाहीत!

८ ऑक्टोबर

आणखी दोनदा झालं. नवी आवृत्ती गुरुवारी बाहेर पडणार.

९ ऑक्टोबर

यादीवर लिहायचं म्हणजे साऱ्या जगासमोर. तिथलं जुनं काही जात नाही. गेल्या वर्षी यादीवरच्या बानने, सोल शहरातल्या, एका तपासनिसाला विचारलं होतं, "आपण डोळे मिटून तपासता, की शेजाऱ्यांकडून करून घेता?" बिचारा पुन्हा दिसला नाही. आणि सर! ही नोकरी त्यांच्या शब्दावर मिळाली. त्यांना एकट्यालाच कळवावं का? पण मग थांबवणार कोण, कधी?

बाबांना फोन केला. सगळं त्यांना कळलं नसेल.

"कोणाचं वजन कमी भरलं?"

"माझं."

"मग शिक्का परत घे. रडतेस कशाला?"

१० ऑक्टोबर

राष्ट्रीय दिनाची सुट्टी. बाहेर झेंडे, गर्दी. चौदा वेळा खोडून शेवटी लिहिलं — माझी तपासणी अपुरी होती. माझा होकार मागे घेते. कृपया आवृत्ती थांबवा. पाठवलं.

बानचं उत्तर आधी. "अभिनंदन! वायर कुठे असते ते अखेर कोणाला तरी सापडलं." खाली — "आकडे द्या. सगळे."

दिले. सरांचं काहीच नाही. दिवसभर नाही. प्रत्येक नवं पत्र लगेच उघडून बघते.

११ ऑक्टोबर, सकाळ

सरांची एकच ओळ. "हाच प्रयोग पॅच न लावता, जुन्या आवृत्तीवर केलास का?"

नाही केला! सुचलंच नाही. दोष आपलाच, हे धरूनच बसले होते. सर रागावलेत. पॅच वाचवायला बघतायत असंही मनात आलं — शी, काय विचार करते मी. करून बघते.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ

जुन्या आवृत्तीवर अठ्ठाविसाव्या वेळी पाच नोंदी गेल्या. त्याआधीच्या आवृत्तीवरही. मिळाली ती सगळ्यात जुनी आवृत्ती अकरा वर्षांपूर्वीची — तिच्यावरही चार.

दोष पॅचचा नाही. माझाही नाही.

सरांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "अकरा वर्षं नोंदी हरवतायत, यू-छिन. ज्यांच्या गेल्या, त्यांनाही ठाऊक नसेल."