तुम्ही रुळांच्या बाजूनं बोललात

आबा, तुम्ही माझ्या मोटारीत एकदाही बसला नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होता त्याहून आज मी म्हातारा आहे, ती मोटार कधीच भंगारात गेली, तरी हे अजून सलतं. सोलापुराहून बार्शीला मी रोज सकाळी उतारूंची सर्व्हिस मोटार न्यायचो, आणि तुमची सख्खी बहीण बार्शीत राहायची. आपल्या दारात बसला असता तर आत्याच्या दारात उतरला असता. पण तुम्ही पटका बांधून पायी स्टेशनावर जायचा, मोठ्या गाडीनं कुर्डुवाडीला उतरायचा, दादाच्या खोलीवर मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं बार्शी गाठायचा. आई म्हणायची, "आवं, पोराची मोटार दारात हुबी हाय की." तुम्ही म्हणायचा, "मोटारीत माज्या पोटात ढवळतं." उभा जन्म बैलगाडीत हादरे खाल्लेल्या माणसाच्या पोटात मोटारीनं ढवळतं! मी तिथंच मोटार सुरू करायला हँडल मारत असायचो. सगळं ऐकू यायचं.

खरं तर रेल्वेवर तुम्ही रागवायला हवं होतं. तुम्ही गाडीवान. स्टेशनच्या मालधक्क्यावरून कापसाच्या गाठी भरायच्या आणि गिरणीत नेऊन टाकायच्या, यावर आपलं घर चाललं. त्या वेळचा तो रस्ता डोळ्यांसमोर आहे माझ्या. गाड्यांना गाड्या भिडल्यात, टांगेवाले दख्खनी उर्दूत शिव्या देतायत, विणकरांच्या बायका सुताच्या गठड्या डोक्यावर घेऊन चाकांमधून वाट काढतायत, आपसांत तेलुगूत काहीतरी म्हणून हसतायत, आणि तुम्ही जुवाजवळ उभे राहून बैलांशी हळू आवाजात बोलताय. मग गिरणीच्या आवारापर्यंत रूळ आले. गाठी डब्यातून थेट गिरणीत उतरू लागल्या. महिना-दोन महिन्यांत रस्त्यावरच्या निम्म्या बैलगाड्या गेल्या, त्यांत आपलीही गेली. बैल विकून आलात त्या दिवशी तुम्ही भाकरीला हात लावला नाहीत. पण त्याच साली दादा कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात लागला, आणि रेल्वेनं तुमच्याकडून जे नेलं त्याबद्दल तुम्ही पुन्हा अवाक्षर काढलं नाहीत. जणू देवाणघेवाण झाली. बैल दिले, थोरला तिथं लावला. मी त्या व्यवहारात कुठंच नव्हतो.

मी मोटार शिकलो ती कुणाच्या ओळखीनं नाही. एका व्यापाऱ्याच्या मोटारी धूत धूत शिकलो. एकदा वाटेवरच्या गावातून अडलेली बाई मोटारीत घातली. तिची सासू माझ्या मागे बसून देवाचं नाव घेतेय, बाई विव्हळतेय, आणि शहरात शिरल्यावर बाजाराच्या तोंडाशी सगळं अडकलेलं. टांगे, कडब्याच्या गाड्या, भोंगा होऊन सुटलेली गिरणीची माणसं. मी उतरलो, क्लीनरला पुढं पळवलं, लोकांच्या पाया पडलो, कडब्याची गाडी स्वतः मागं ढकलली. दवाखान्याच्या दारात मोटार लावली आणि बाई आत गेल्यावर थोड्याच वेळात बाळंत झाली. मुलगा झाला. सासूनं माझ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. मी घरी पळत आलो तुम्हाला सांगायला. तुम्ही ओट्यावर बसला होता. सगळं ऐकून घेतलंत, "बरं झालं" म्हणालात, आणि विचारलंत, "कुर्डुवाडीकडली गाडी आली का रं? दादा येनार हाय."

त्याच सुमाराला आपला रस्ता रुंद करायचं निघालं. म्युनिसिपालटीचा ओव्हरसियर मोजणीची साखळी घेऊन आला आणि लोकांच्या ओट्यांवर चुन्याच्या खुणा करून गेला. आपला ओटा सगळाच जाणार होता. गावात दोन तट पडले. व्यापारी आणि मोटारवाले म्हणत होते, रस्ता वाढवा. गिरणीतली काही माणसं म्हणत होती, आमच्यातली निम्मी माणसं रुळाकाठच्या गावांतून चालत येतात. सकाळ-संध्याकाळ आमच्यासाठी एक गाडी सोडायला रेल्वेला सांगा, जागोजाग थांबवा, म्हणजे रस्त्यावरची गर्दी आपोआप कमी होईल. देवळासमोर सभा भरली. ज्यांची घरं रस्त्यावर त्यांनी बोलायचं ठरलं, आणि तुम्ही जुने गाडीवान म्हणून तुम्हाला आधी उठवलं. मी मोटारवाल्यांत बसलो होतो. वाटलं होतं, आता तरी बाप माझ्या बाजूनं बोलेल. ओटा गेला तर गेला, पोराची मोटार चालावी, एवढं म्हणेल.

तुम्ही पटका सारखा केलात. म्हणालात, "म्या हितं बैल हाकल्यात. ह्यो रस्ता मला इचारा. गिरनीत रूळ गेलं, तवा आमच्या पोटावर पाय आला. पर रस्ता मोकळा झाला का न्हाई? झाला. आता तुमी म्हंता रुंद करू. करा. आज धा मोटारी हायत्या, उद्या ईस येतील. तळं मोठं केलं की म्हशी वाढत्यात, पानी वाढत न्हाई. त्यापरीस गिरनीच्या लोकास्नी गाडी सोडा." लोक ऐकत होते. तिथं थांबला असता तर मी सोसलं असतं. पण तुम्ही पुढं म्हणालात, "माजा थोरला रेल्वेत हाय. शाना हाय. त्यालाच बोलावून इचारा."

अध्यक्ष हसून म्हणाले, "अहो, तुमचा धाकटा तर मोटार चालवतो. त्याचं काय म्हणणं?"

"त्यो काय, मोटारीचंच म्हननार की," तुम्ही म्हणालात, आणि सगळी सभा हसली.

मी उठलो. काय बोललो ते नीट आठवत नाही. पण हे नक्की म्हणालो की रूळ काय सगळ्यांच्या दारात येत नाहीत. ज्या गावाला रूळ नाहीत त्या गावच्या बाईनं अडल्यावर काय करायचं? स्टेशनापर्यंत चालत यायचं? मी बोलत होतो सभेशी, पण बघत होतो तुमच्याकडं. तुम्ही काढून ठेवलेल्या वहाणा शोधत होता.

रस्ता रुंद झाला. आपला ओटा फोडला त्या दिवशी मी मुद्दाम मोटारीवर गेलो. परत आलो तर घर उघडं पडल्यासारखं दिसत होतं आणि तुम्ही उंबऱ्यावर बसला होता, पाय जवळजवळ रस्त्यात. सुरुवातीचे काही महिने मी राजासारखा गेलो. स्टेशनापासून बाजारापर्यंत ब्रेकला पाय लावावा लागत नव्हता. संध्याकाळी जेवताना मी मुद्दाम सांगायचो, आज किती लवकर आलो ते. आई कौतुक करायची. तुम्ही आमटीत भाकरी कुस्करायचा. मग दुसऱ्या व्यापाऱ्यानं मोटारी घेतल्या, मग तिसऱ्यानं. अक्कलकोटाकडच्या, मैंदर्गीच्या मोटारीही ह्याच रस्त्यानं घुसू लागल्या. मालाच्या लॉऱ्या आल्या. तोडलेल्या ओट्यांच्या जागी फळवाले, पानवाले बसले. वर्ष सरायच्या आत मी पुन्हा तिथंच अडकत होतो. फक्त आधी कडब्याच्या गाडीमागं अडकायचो, आता माझ्यासारख्याच मोटारींच्या मागं.

एकदा नेमका आपल्या दारासमोर अडकलो. पुढं दोन बैलगाड्यांची चाकं एकमेकांत गुंतलेली, मागून लॉरी भोंगा वाजवतेय, उतारू मला बोल लावतायत. तुम्ही उंबऱ्यावरून सगळं बघत होता. वाटलं, आता म्हशींचा दाखला देणार. पण तुम्ही उठलात. सरळ जाऊन बिथरलेल्या बैलाची वेसण धरलीत, त्याच्या कानाशी काहीतरी पुटपुटलात, त्याला एक पाऊल मागं घेतलंत, दुसरी गाडी तिरकी करवलीत, आणि वाट झाली. माझे उतारू वाहवा करू लागले. मला भरून आलं. आबा, मला वाटलं माझी मोटार अडली म्हणून तुम्ही उठलात! मी मान बाहेर काढून म्हणालो, "आबा, बसा की, बाजारापर्यंत तरी." तुम्ही हात झटकत म्हणालात, "मला वेळ न्हाई. दादाची गाडी यायची झाली, टांगा ह्याच वाटंनं येनार हाय. वाट नको व्हय मोकळी?"

गिरणीच्या लोकांची गाडी शेवटपर्यंत सुटली नाही. अर्ज गेले, साहेब लोक बघून गेले, आणि राहिलं. म्हणजे बघा, माझ्या रस्त्याची परीक्षा झाली, आणि तो सगळ्या गावादेखत नापास झाला. दादाच्या रुळांची परीक्षाच झाली नाही, त्यामुळं ते तुमच्या लेखी कायमचे पास. खरंच ती गाडी सुटली असती तर स्टेशनावर उतरलेली ती सगळी माणसं गिरणीपर्यंत कुठल्या रस्त्यानं गेली असती, हे मला तुम्हाला विचारायचं होतं. उत्तर चुकलं असतं तरी चाललं असतं. माझ्याशी वाद घालायला तुम्ही बसायला हवं होतं. दादा आला की तुम्ही दोघं तासन्‌तास इंजिनं, सांधे, सिग्नल यांवर बोलायचा, आणि मी भिंतीला टेकून बसायचो.

तुम्ही गेलात तेही कुर्डुवाडीत. तार आली तेव्हा मालक मोटार द्यायला तयार होता, पण मी स्टेशनाकडं धावलो, कारण गाडीनं लवकर पोचणार होतो हे मलाही कळत होतं. डब्यात उभा राहून मी रुळांचा आवाज ऐकत होतो आणि वाटत होतं, ह्या आवाजातच तुम्ही दर वेळी माझ्यापासून लांब गेलात. पोचलो तेव्हा दादानं सगळं उरकत आणलं होतं. अग्नी त्यानंच दिला. थोरला म्हणून त्याचाच मान, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

खूप वर्षांनी, दादा निवृत्त झाल्यावर, मी त्याच्या अंगणात बसून विचारलं, "दादा, आबा तुज्याकडं यायचे तवा माज्या मोटारीचं कधी काय बोलायचे का?"

दादाला खोटं बोलता यायचं नाही, तेही तुमच्याच वळणावर. "न्हाई बा," तो म्हणाला. "आठवत तरी न्हाई."

"मग दोन-दोन दिस काय बोलत होता तुमी?"

"बैलांचं," दादा म्हणाला. "पांढरा कसा न सांगता गिरनीच्या फाटकात वळायचा, तांबडा कसा भोंग्याला बुजायचा. लई बोलायचे. बोलता बोलता रडायचे बी."

मला वाटलं होतं हे ऐकून हलकं वाटेल. दादाचंही कौतुक नव्हतं, माझंही नव्हतं, सगळी माया त्या विकलेल्या बैलांवर होती. पण नाही वाटलं हलकं. तुम्ही रडलात ते त्याच्यासमोर. माझ्यासमोर तुम्ही बैलांचं नावही काढलं नव्हतं.

आबा, मागच्या पंधरवड्यात दादा गेला. काल त्याचे दिवस घालून मी कुर्डुवाडीहून परत आलो आणि आज हे लिहायला बसलो. हे टाकायचं कुठं, तुमच्या गावाला टपाल जात नाही. गेलं असतं तरी तुम्हाला वाचता कुठं येत होतं, दादालाच वाचून दाखवावं लागलं असतं. म्हणून हे घरातच राहील. कुर्डुवाडीत वहिनीनं, पोरांनी मला रडताना पाहिलं. भावाची लई माया, असं सगळे म्हणत होते, आणि मीही मान हलवली. थोडं रडू त्याच्यासाठी होतंच, खोटं का बोलू. बाकीचं, तो ह्या खेपेलाही माझ्याआधी तुमच्याकडं पोचला म्हणून होतं.