दारात थांबलेली खुडबुड

प्रिय खुडबुड्या,

कसा आहेस? पोट अजून फुगतं का, की वेळेवर जेवायला लागलास? तुझ्या खोलीतला तो उंच दोस्त, जो दर वेळी दाराच्या चौकटीला कपाळ आपटून घेतो, तो बरा आहे ना? त्याच्या शिंका थांबल्या? घरमालकीणबाईंचा गुडघा काय म्हणतो? मागे त्या मला फोनवर म्हणाल्या होत्या, जिना चढताना नुसता कुरकुरतो, उतरताना शिव्या देतो. आणि ते कान फाटलेलं मांजर, ज्याला आपण दूध घालत नाही असं तू सगळ्यांना सांगतोस आणि गुपचूप घालतोस, ते कसं आहे? सगळ्यांचं एकेक करून कळव. कुणाला वगळू नकोस, स्वतःला तर मुळीच नको.

इकडे सगळे ठीक आहेत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुझी आई रक्तदाबाची गोळी वेळेवर घेते आणि मग घेतली की नाही हे मला फोन करून विचारते. जणू गोळी माझ्या घशातून उतरणार होती! तुझ्या बाबांचं पुढे लिहीन. माझं म्हणशील तर पायाला भिंगरी लागली आहे. बसले की उठावंसं वाटतं, उठले की कशासाठी उठले ते आठवत नाही. हे पत्रही घरी बसून नाही, वर्कशॉपमध्ये कापड कापायच्या टेबलाच्या कोपऱ्यावर लिहिते आहे. शेजारी मशीन धडधडतात म्हणून अक्षर असं नाचतंय. आत्याला म्हातारपण आलं असं लगेच समजू नकोस.

तुला तो हंस आठवतो का रे? भरतकामाच्या मशीन नव्या आल्या होत्या आणि त्यांना कॉम्प्युटरवरून हुकूम देणारा प्रोग्रॅम तूच लिहून दिला होतास. पहिलंच मोठं काम, उशांच्या अभ्र्यांवर हंस. मी चुकीचं बटण दाबलं आणि सगळे हंस पाय वर करून पाण्यात बुडाले. वर्कशॉपचे मास्तर कात्री हातात घेऊन म्हणाले, "बाई, हे हंस नाहीत, ही बुडालेल्यांची यादी आहे." तू इतका हसलास की खुर्चीवरून घसरलास. मग त्याच दुपारी तू ठरवलंस, की यापुढे कुठलंही नवं काम सुईखाली जाण्याआधी डिझाइन आधी तुझ्या कॉम्प्युटरकडे येईल, तू जिथे असशील तिथे. तू नजर टाकणार, कुठे टाके दाट झालेत, कुठे कापड गोळा होईल ते बघणार, हवं तर हात फिरवणार, आणि मगच परत पाठवणार. प्रोग्रॅमच्या त्या विचारणाऱ्या तुकड्याला तू इंग्रजी अक्षरांत 'खुडबुड' असं नाव ठेवलंस. लहानपणी घड्याळापासून इस्त्रीपर्यंत सगळं उघडून बसायचास म्हणून मीच तुला ठेवलेलं नाव. तू ते मशीनला देऊन टाकलंस. तेव्हापासून आपलं काम तसंच चालत आलंय. आधी खुडबुडला विचारायचं, मग सुई खाली.

तू त्या दिवशी ताटावरून उठून गेलास, त्यानंतर सगळं बिघडत गेलं. दोस्तांबरोबर काढलेली कंपनी बंद झाली हे सांगायला तू मुद्दाम घरी आला होतास. आणि तुझे बाबा बोलून गेले, "तुझ्या हातून कधी काही टिकलंय का?" माझा भाऊ आहे, मी त्याला कडेवर घेऊन फिरवलंय, मला माहीत आहे त्याचं तोंड त्याच्या मनाच्या चार पावलं पुढे धावतं. पण तुझा घास हातातच राहिला. तू गेलास आणि तुझा फोन बंद झाला. मी दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. शेवटी घरमालकीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आहे हो खोलीत. पण नसल्यासारखा. कुणी येऊ नका असं सांगा म्हणाला." आता अशा निरोपापुढे माणसाने काय करावं? जावं तर तू दार उघडणार नाहीस, न जावं तर जीव टांगणीला.

त्याच सुमारास आपल्या मशीन अडायला लागल्या. नवं काम लावलं की सगळं तयार, दोरे ओवलेले, कापड ताणलेलं, आणि सुई हवेतच. बराच वेळ काही नाही, मग आपोआप सुरू. मास्तर आधी विजेवर घसरले, मग दोऱ्यावर, मग माझ्यावर. मशीनवरच्या मुली म्हणायला लागल्या, मशीनला झोप लागते. हातात काम तर केवढं मोठं, एका दवाखान्याच्या सगळ्या कोटांवर त्यांचं चिन्ह, पेटलेला दिवा. मास्तरांनी फर्मान काढलं, की हा जुना प्रोग्रॅम काढून टाका, दोन आठवड्यांनी सोमवारी एक माणूस नवा घालून देईल. माणूस सज्जन आहे, फोनवर अगदी अदबीने बोलला. पण तुझ्या हातचा प्रोग्रॅम असा काढून टाकायला मी तयार नव्हते.

मग मी ती खिडकी उघडली. तू मला शिकवली होतीस ना, ज्यात कॉम्प्युटरच्या पोटात या घटकेला काय काय चालू आहे ते सगळं दिसतं? वर रंगीत रेघा वरखाली धावतात, कोण किती राबतंय ते कळतं, आणि खाली नावांची रांग, कुणाच्या पोटी कोण जन्माला आलं तेही झाडासारखं काढलेलं. पहिल्यांदा ती बघितली तेव्हा मी घाबरून तुला हाक मारली होती. बहुतेक नावांपुढे लिहिलेलं होतं, 'झोपलेलं'. मी म्हटलं, अरे, इथे सगळे झोपलेत, काम कोण करतंय? तू माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणालास, "आत्या, झोपलंय म्हणजे मेलंय असं नाही. काही काम आलं, कुणी हाक मारली, की उठतात." तुझं हे वाक्य मी अलीकडे किती वेळा मनात घोळवलंय ते तुला सांगून पटणार नाही.

तर त्या रांगेत मी 'खुडबुड' शोधली, तिच्यावर क्लिक केलं आणि तू दाखवलंस तसा तिचा माग काढला. मग खालच्या चौकटीत एकेक ओळ उमटायला लागली. पूर्वी मी टेलिफोन ऑफिसात जोडण्या करून द्यायचे तेव्हा कानाला जे ऐकू यायचं, तेच इथे डोळ्यांना दिसत होतं. डिझाइन उघडलं, झालं. दोऱ्यांचे रंग वाचले, झालं. तुझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरला हाक मारली, आणि ओळ तिथेच थांबली. पलीकडून हो नाही, नको नाही. ती थांबली, थकली, पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबली. अशा काही हाका मारून झाल्यावर हिरमुसली होऊन आपली आपण कामाला लागली.

मशीन बिघडल्या नव्हत्या रे. तू तुझ्याकडचा कॉम्प्युटर बंद करून ठेवला होतास आणि माझी गुणाची खुडबुड प्रत्येक कामाआधी तुझ्या दारात उभी राहत होती.

तिला विचारायचं बंद कर असं सांगणं काही अवघड नव्हतं. एक खूण काढली की झालं असतं, तूच दाखवलं होतंस. मी माउसचा बाण त्या खुणेवर नेला आणि हात आखडला. घरातले फोन करून थकले, पत्रं गप्प झाली, आणि हे एकच पोर दिवसभर न कंटाळता तुझी चौकशी करतंय, त्याला मी गप्प बसवू? मी मास्तरांना सांगितलं, कारण सापडलंय, थोडी कळ काढा. मुलींना खरं ते सांगितलं. त्यांनी त्याची थट्टाच केली. सुई थांबली की एकजण ओरडते, "उघडलं का गं दार?" दुसरी म्हणते, "अगं, अंघोळीला गेला असेल!" आणि सगळ्या पाणी प्यायला उठतात. हसतात, पण पाणी पिताना प्रत्येकीची मान कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वळलेली असते. मास्तर पुटपुटतात, "मशीन चालवतोय की स्थळाच्या होकाराची वाट बघतोय!"

आता तुझ्या बाबांचं. एकदा ते इथे आले, कोटाचं बटण तुटलंय म्हणून. मी ती खिडकी उघडून बसले होते. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "हे काय अडलंय?" मी म्हटलं, "तुझ्या पोराच्या दारात उभं आहे. उघडत नाही." ते बटण न लावताच गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, सुई हवी म्हणून. मग दोरा. मग छत्री विसरली म्हणून, आणि छत्री त्यांच्या हातातच होती! आता त्यांनी बहाणे सोडलेत. सकाळी येतात, माझ्या स्टुलावर बसतात आणि डोळ्यांत तेल घालून त्या ओळीकडे बघत राहतात. मी विचारलं, तू जाऊन का येत नाहीस? म्हणाले, "बॅग भरून दोनदा जिन्यापर्यंत गेलो. त्याने तोंडावर दार लावलं तर पुन्हा कुठल्या तोंडाने जाऊ?" मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "ही बरी. हिला लाज वाटत नाही. नाही म्हटलं तरी पुन्हा विचारते."

मधे उठले होते, मशीन बघून आले. काही झालं नव्हतं, उगाच गेले. आता बसते आणि जे लिहायचं म्हणून मघापासून घुटमळतेय ते लिहिते.

दवाखान्याच्या त्या दिव्याच्या ज्योतीत सुई सारखी तुटत होती. टाके एकावर एक इतके दाट की कापड दगडासारखं व्हायचं. मला ते सुधारता येईना, मास्तरांना येईना. उद्यावर सोमवार आला, म्हणजे त्या माणसाच्या येण्याची वेळ आली. म्हणून आज रविवारीही मुलींना बोलावून मी ते काम पुन्हा लावलं. तुझे बाबा स्टुलावर होते. ओळी उमटल्या. डिझाइन उघडलं, रंग वाचले, हाक मारली. मी सवयीने पाणी प्यायला उठले. आणि तुझ्या बाबांनी माझा पदर लहानपणी धरायचे तसा घट्ट धरला. पुढची ओळ उमटली होती. पलीकडून उत्तर आलं होतं. मुली जागच्या जागी उभ्या. आधी मला वाटलं, तुझ्याकडे वीज जाऊन आली असेल, कॉम्प्युटर आपोआप चालू झाला असेल, फार आशा धरू नये. पण खुडबुड मग गप्प राहिली. त्या खिडकीत तिच्यापुढे आलं, 'झोपलेलं'. सुई हवेत, आणि आम्ही सगळे श्वास धरून. खूप वेळ गेला. मग ती उठली, पलीकडून काहीतरी घेतलं, जागेवर ठेवलं आणि मशीन सुरू झाली. मास्तर वाकून बघत होते. ज्योत आली. सुई तुटली नाही. ज्योत सुईखालून अलगद पार झाली, पाकळीसारखी मऊ. मी फ्रेम काढून बोट फिरवलं. मधले टाके विरळ केलेले होते, आणि टोकाशी ज्योत किंचित डावीकडे कललेली, वारा लागल्यासारखी. तशी ती दवाखान्यानेही मागितली नव्हती. कॉम्प्युटर आपोआप चालू होत असेल, पण ज्योतीला वारा लावायचं त्याला सुचणार नाही, खुडबुड्या. तो तुझा हात होता. तू उठलास, समोर बसलास, बघितलंस आणि काम नीट करून दिलंस.

तुझ्या बाबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. ते म्हणाले, "ताई, जेवला असेल का गं तो?" एवढंच. मास्तर तोंड फिरवून खिशातला रुमाल शोधत बसले आणि मग स्वतःच उठून त्या सोमवारच्या माणसाला फोन केला, की तूर्तास नको.

त्या वाटेने फक्त टाके जातात, शब्द जात नाहीत, म्हणून हे पत्र. तुझ्या बाबांनी ते वाचलेलं नाही, पण पाकिटावरचा पत्ता त्यांनीच लिहिलाय. अक्षर ओळखशील. मी मागितलं नव्हतं, त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं. घरी ये असं मी म्हणत नाही, तुला सवडीने वाटेल तेव्हा वाट आहेच. पण कॉम्प्युटर बंद करू नकोस. आणि दोन ओळी लिही. चार नको, दोनच. पहिलीत मांजराचं लिही, दुसरीत तू जेवलास का ते. ती दुसरी ओळ मी तुझ्या बाबांना वाचून दाखवणार आहे. ते उद्या सकाळपासून स्टुलावर येऊन बसतील आणि पोस्टमनकडे बघतील, आणि मला इथे त्यांच्यासाठी नवा बहाणा शोधावा लागेल, तेव्हा उशीर लावू नकोस.

तुझीच,
आत्या