समुद्र बघायला

१८ नोव्हेंबर १९५८, मंगळवार. परंडा

समुद्र! परवा निघायचं. जेवताना हे म्हणाले, तुला समुद्र दाखवतो. मला थट्टाच वाटली. लग्नाला चौदा वर्षं झाली, बार्शी आणि तुळजापूर याच्यापलीकडं मला कुठं नेलं नाही. पण खरंच निघतोय — कुर्डुवाडीहून मद्रास, मग तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं रेल्वेनं खाली, जमतील तेवढी गावं. दहा-बारा दिवस. तेवढे दिवस कापडाचं दुकान बंद. दिवाळीनंतर गिऱ्हाईक नसतंच, म्हणाले.

सासूबाई अडवतील असं वाटलं होतं. माहेरी चार दिवस जाते म्हटलं तरी त्यांचं तोंड उतरतं. आज म्हणाल्या, जा, बघून ये. माझ्याकडं बघितलं मात्र नाही.

हाताचं लिहायचं राहिलंय. श्रावणात डाव्या हाताला तव्याचा चटका बसला. कातडी जळाल्याचा वास आला, तेव्हा कळलं. त्या जागी फिकट डाग होता, तो आता तळव्याएवढा झालाय. सुई टोचली तरी कळत नाही. ह्यांना दाखवला त्या दिवसापासून माझी ताटली वेगळी. रोगाचं नाव घरात कुणी घेत नाही. मीही इथं लिहीत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार. गाडीत

कुर्डुवाडीपर्यंत मोटार, मग मद्रासची गाडी. वळकटी ह्यांच्या खांद्यावर, धपाट्यांची पिशवी माझ्या पाठीवर. ट्रंक घेऊच दिली नाही — गावोगाव उतरायचं तर ओझं नको म्हणाले. खिडकीची जागा मला दिली. समोरच्या सोलापूरच्या बाईनं पान पुढं केलं. मी उजव्या हातानं घेतलं, डावा पदराखाली.

रायचूरच्या पुढं हे स्टेशनांची नावं वाचून दाखवत होते. एवढी माया कशी काय आली, असं मनात आलं. मग मनालाच रागावले.

२२ नोव्हेंबर, शनिवार. मद्रास

बघितला.

काय लिहू? एवढं पाणी आणि ते घशाखाली उतरत नाही. चूळ भरून बघितली, थुंकली. लाट पायाखालची वाळू ओढून नेते तेव्हा आपणच मागं सरकतोय असं वाटतं. मी हसत होते, मोठ्यानं. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या.

हे वर कोरड्या वाळूत उभे होते. जवळ आले नाहीत. परत फिरताना म्हणाले, "बघितलास ना आता?" एखादं काम उरकल्यावर म्हणावं तसं.

२४ नोव्हेंबर, सोमवार. पाँडिचेरी

इथं हिवाळ्यात पाऊस पडतो. कालपासून थांबला नाही. धर्मशाळेच्या ओसरीवर बसून आहोत. सकाळी हे छत्री घेऊन खायला काही मिळतं का बघायला गेले. त्यांचा कोट ओला होता, वाळत घालायला घेतला. कागद भिजतील म्हणून खिसे रिकामे केले. दोन पत्रं होती.

एक इंग्रजी, टाईप केलेलं. इंग्रजी अक्षरं मला लावता येतात, अर्थ लागत नाही. माझं नाव लागलं — चन्नम्मा. हॉस्पिटल लागलं. २८ नोव्हेंबर लागलं.

दुसरं मराठी. भूमकडच्या वाशीचे कुणी गुंडाप्पा. लिहितात, मुलगी सोळा वर्षांची आहे, धान्य निवडण्यापासून शिवणापर्यंत सगळं येतं. आमची हरकत नाही. माघात तिथी धरू. तोपर्यंत तुमच्याकडचं सगळं उरकलेलं असावं.

तुमच्याकडचं म्हणजे मी.

पत्रं होती तशी घडी करून कोटात ठेवली. हे इडल्या घेऊन आले. केळीच्या पानातून अजून वाफ येत होती.

२५ नोव्हेंबर. कडलूर

ह्यांनी संत्रं सोलून दिलं. खाल्लं.

२६ नोव्हेंबर, बुधवार. नागपट्टणम

तीन वेळा मनात आलं, स्टेशनात उतरावं आणि गर्दीत शिरावं. पण शिरून जायचं कुठं? इथली भाषा येत नाही. भाऊ भूमला, त्याच्या घरात त्याच्या बायकोचं चालतं. आणि दवाखान्यात नेणार आहेत, विहिरीत ढकलणार नाहीत. सोलापूरला, मिरजेला का नेलं नाही, तेही उमगलं. तिथं कुणी ओळखीचं भेटलं असतं.

दुपारी पाऊस उघडला. किनाऱ्यावर चालत गेलो. कोळणी जाळ्यातली मासळी वेगळी करत होत्या. वासानं मी पदर नाकाला लावला. हे लहानपणीचं सांगत होते — किल्ल्याच्या खंदकात पडले होते, निजामाच्या शिपायानं बाहेर काढलं, मग घरी आणून आधी त्यानंच थोबाडीत दिली. चौदा वर्षांत हे माझ्याशी एवढं बोलले नव्हते. सोडून द्यायच्या माणसाशी बोलणं सोपं असावं.

मीही बोलले. पहिल्या वर्षी गेलेल्या बाळाचं बोलले. त्याचं नाव काय ठेवणार होतो ते ह्यांना आठवत होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लहान स्टेशन. तिथून बैलगाडीनं दवाखाना. सुरूच्या झाडांत बसक्या इमारती, पलीकडं समुद्र. हे वाटेत म्हणाले, हाताला औषध मिळेल इथं. मी म्हणाले, माहीत आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

डॉक्टरीण मद्रासकडची, मोडकं हिंदुस्थानी बोलते. डोळे मिटायला लावून हातावर कापूस फिरवला, कळलं तिथं हात लाव म्हणाली. डागावर कळलं नाही. कोपराची शीर दाबली. कानाच्या पाळीला जरा चिरून काचेवर रक्त घेतलं.

मग ह्यांना म्हणाली, आपण बसा. घरातल्या प्रत्येकाचं बघतो. हे म्हणाले, मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, बसा.

बराच वेळ त्यांचे कान बघत होती. भुवया बघत होती. पायाला टाचणी टोचली, डोळे मिटून बसलेले हे वाट बघत राहिले, कधी टोचते म्हणून.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आधी मला बोलावलं. तुझा रोग साधा आहे, दुसऱ्याला लागणारा नाही. आठवड्यातून दोनदा गोळी घे, घरी राहा, दोन-तीन वर्षांत बरी होशील. तुझ्या नवऱ्याचा पसरणारा आहे, जुना आहे. तुला त्यांच्याकडूनच आलेला. त्यांना इथं राहावं लागेल.

मला आनंद झाला. खरं तेच लिहिते. आधी आनंद, मग लाज, मग काहीच नाही.

हे समुद्राकडच्या पायऱ्यांवर बसले होते. मी दोन पायऱ्या सोडून बसले. ते म्हणाले, घरी सांगू नकोस, मद्रासच्या व्यापाऱ्याकडं कामाला राहिलो म्हण. दोन्ही हात जोडले.

मी विचारलं, "मला ठेवून गेला असता तर घरी काय सांगणार होता?"

त्यांनी जोडलेले हात सोडले. मी उठले नाही.

"मेली म्हणून," ते म्हणाले. "वाटेत पटकी झाली, तिथंच माती दिली म्हणून."

चौदा वर्षांत ते माझ्याशी फार वेळा खरं बोलले नसतील. एवढं मात्र खरं बोलले.

४ डिसेंबर, गुरुवार. परंडा

एकटी आले. तीन गाड्या बदलून! सासूबाईंनी दार उघडलं आणि कडी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मेलेलं माणूस दारात यावं तशा. मग माझ्या मागं बघितलं.

मी सांगितलं — मद्रासला आहेत, मोठ्या व्यापाऱ्याकडं. का सांगितलं ठाऊक नाही. जोडलेले हात आठवले असतील.

२१ डिसेंबर

अंथरूण मागच्या कडब्याच्या खोलीत. ताटली, तांब्या, घोंगडी वेगळी. लेकाला हिनंच पळवून लावलं, असं सासूबाई शेजारी सांगतात. ऐकू येतं. गोळी घेते.

२० जानेवारी १९५९, मंगळवार

ह्यांचं कार्ड आलं. सासूबाईंना वाचता येत नाही. घरात वाचणारी मी एकटीच. त्यांनी कार्ड उंबऱ्यावर ठेवलं आणि मागं सरकल्या. मी उचललं.

लिहिलंय — तीर्थरूप आईस साष्टांग नमस्कार. प्रकृती ठीक आहे. माघात पंधरा दिवसांची रजा मिळेल. वाशीकरांना होय कळवावं. घरात वंश चालवणारं कुणी हवं. हिची सोय मळ्यातल्या खोपटात करावी. तुमचा वीरप्पा.

वाचता वाचता दुसरं काही म्हणता आलं असतं. रजा नाही म्हणता आलं असतं. आहे तसं वाचलं. सासूबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आनंदानं. असं दुसरं लग्न आता कायद्यात बसत नाही म्हणतात. इथं कोण विचारतं?

मला मळ्यात ठेवा. पण ती सोळा वर्षांची आहे. आणि ह्यांना सगळं माहीत आहे — स्वतःचंही, माझ्या हाताचंही.

२७ जानेवारी

आठवडा झाला, अन्न गोड लागत नाही. सांगितलं तर ह्यांचं गावात नाव राहणार नाही. दुकान जाईल. म्हातारीच्या दारात कुणी उभं राहणार नाही. नाही सांगितलं तर एक पोरगी माझ्या जागी येईल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं. आता मला माहीत आहे.

१ फेब्रुवारी, रविवार

भूमला मोटार बदलून वाशीला गेले. माहेरी जाते म्हणून सांगितलं होतं.

गुंडाप्पांचं घर सापडायला वेळ लागला नाही. घाणा आहे तेलाचा. कोण, कुठल्या, म्हणून विचारलं. नाव सांगितल्यावर पायरीवरच बसवलं. आतून मुलीनं पाणी आणलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं मी कोण ते. तांब्या माझ्या हातात दिला, वरून ओतला नाही. हातांना तेलाचा वास होता. "लांबून आलाव का?" म्हणाली.

निघताना डॉक्टरिणीनं दिलेला दवाखान्याचा कागद मी पुढं केला. ह्यांचं नाव, रोगाचं नाव, तारीख, सगळं त्यात आहे. गुंडाप्पांनी शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी मनात वाचलं, मग दूर नेऊन त्यांना सांगितलं. परत आले तेव्हा गुंडाप्पांनी कागद दोन बोटांत लांब धरला होता.

"सवत येऊ न्हाय म्हनून सांगायला आलाव का तुमी?" त्यांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले. "ते बी हाय. पन कागद खोटा न्हाय."

त्यांनी कागद परत दिला. मुलगी दाराआड होती. तिनं किती ऐकलं कोण जाणे.

९ फेब्रुवारी

वाशीहून निरोप आला. लग्न मोडलं. का, तेही निरोप आणणाऱ्यानं पेठेत सगळ्यांना सांगितलं.

१० फेब्रुवारी

सासूबाई मारायला उठतील असं वाटलं होतं. उठल्या नाहीत. कडब्याच्या खोलीच्या दारात येऊन बसल्या, आजवर कधी आल्या नव्हत्या एवढ्या जवळ.

"त्याला बी त्योच हाय?" विचारलं.

मी मान डोलावली.

"दुखतंय का त्याला?"

मी म्हणाले, दुखत नाही, कळतच नाही, तेच वाईट. मग भिंतीला धरून उठल्या आणि म्हणाल्या, आता हितं राहू नको. तुझ्याकडं बघितलं की मला त्यो दिसतोय.

३ मार्च, मंगळवार. भूम

भावाकडं पंधरा दिवस झाले. वहिनीनं चटई ओसरीच्या बाहेर टाकली. मुलांना माझ्याकडं येऊ देत नाही. भाऊ रोज विचारतो, बरं आहे ना, आणि उत्तर ऐकायला थांबत नाही.

परंड्याची बातमी कळली — दुकानाला कुलूप. उधारीवर नेलेलं कापडसुद्धा लोकांनी दारात आणून टाकलं, अंगाला लावायला नको म्हणून. इरम्माबाई एकट्याच आहेत घरात. आज त्यांचं नाव लिहिलं. आजवर सासूबाईच लिहायचे.

मी केलं ते चुकलं का? त्या पोरीचा हात आठवला की नाही वाटतं. म्हातारी आठवली की व्हय वाटतं. दोन्ही एकाच दिवसात, पुन्हा पुन्हा.

गोळ्या चार राहिल्या.

१७ एप्रिल, शुक्रवार

गोळ्या संपल्या तशी समुद्राकाठच्या दवाखान्यात परत आले; पट्ट्या बांधायला ठेवून घेतलं, त्याला आज महिना झाला. आतापर्यंत बायकांकडं होते. आज पहिल्यांदा पुरुषांच्या वॉर्डात पाठवलं. खिडकीजवळच्या खाटेवर हे. पायात काटा मोडला होता, तो कळला नाही, तळव्याला भोक पडलंय. मी पाय मांडीवर घेतला, धुतला, मेलेली कातडी कापली. त्यांनी मला ओळखलं आणि उठायला लागले.

"पाय हलवू नका," मी म्हणाले.

पट्टी बांधली. पुढच्या खाटेकडं गेले.