तेरवीच्या पत्रिकेतली तारीख

८ डिसेंबर, सोमवार. आर्णी.
आधी कालच्या नोंदीतली चूक दुरुस्त करते : छापखाना बसस्थानकासमोर नाही, मागच्या गल्लीत आहे.
पहिला दिवस छान गेला. छापण्याआधी मजकूर वाचायचा, चुका लाल पेनानं सुधारायच्या. हे बाबांनी घरीच शिकवलंय; चौथीपर्यंत माझी शाळा म्हणजे पुसदचं आमचं स्वयंपाकघर. मालक देवसिंगभाऊंचा नियम एकच : तेरवीच्या पत्रिकेत नाव नि तारीख लिहून येईल तशीच छापायची. समोर मानीबाईंची चहाची टपरी आहे. पहिल्या चहाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, "फक्त ते लाल पेन माह्या चहात नोको बुडवू."

१० डिसेंबर, बुधवार.
सकाळी शटरखाली तेरवीच्या पत्रिकेचा मजकूर पडला होता. नाव मानीबाईंचंच. निधन २० डिसेंबर. त्या तर समोर दूध उकळत होत्या! दुसऱ्या कुणी मानीबाई असतील. पण २० तारीख अजून यायचीय, म्हणजे चूक उघड आहे. विचारायला कुणी नव्हतं. मी १० केली.

११ डिसेंबर, गुरुवार.
काल दुपारी चार वाजता मानीबाई टपरीतच कोसळल्या. गेल्या.
देवसिंगभाऊंनी माझं लाल पेन उचलून पाहिलं. "तू कायले हात लावला वं?" एवढंच म्हणाले. संध्याकाळी त्यांनीच सांगितलं : असे कागद अधूनमधून येतात. कोण टाकतं, कुणालाच माहीत नाही. ते छापून ठेवतात; घरचे आले की देतात.
दहा दिवस. माझ्या पेनानं त्यांचे दहा दिवस—

१५ डिसेंबर, सोमवार.
शटरखाली कागद. सदाशिवराव, पुढे आमचं आडनाव, आमचा पत्ता. बाबा. निधन १९ डिसेंबर.
फोन केला. म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे, तुहाच आवाज असा काहून येऊन राह्यला?

१६ डिसेंबर.
काल १९ खोडून २९ लिहिलं. सकाळी कागदावर पुन्हा १९.
देवसिंगभाऊ म्हणाले, तारीख अलीकडे येते, पलीकडे जात नाही. वीस वर्षांपूर्वी बायकोसाठी करून पाहिलं त्यांनी. तेव्हापासून अशा कागदावर पेन टेकवलेलं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार.
नाव खोडलं. तासाभरात परत उमटलं. जागा रिकामी राहत नाही, तिथं कुणीतरी लागतं. देवसिंगभाऊंचं नाव मनात आलं— लाज वाटली.
बाबांचं नाव पुन्हा खोडून तिथं माझ्या नावातला पहिला उ लिहिला. फक्त उ. संध्याकाळ झाली— टिकलाय.
पत्रिका उद्या अकराला मशीनवर चढेल. म्हणजे उद्या, गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी दहा वाजता, मी पुढची अक्षरं—