पाच जणांचं टेबल, साठ दिवस आधी

तीर्थस्वरूप ताईस,

एरंडेलाचा नमस्कार. (नाव तूच ठेवलंस. चाळीस वर्षांत माझं तोंड तसूभर बदललेलं नाही, तेव्हा नाव बदलायचं कारण दिसत नाही.) तुझा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला गेला, की घरजावई होऊन राहिला? इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे ठीक असं कोणीच नाही, पण नव्यानं सांगण्यासारखं कोणाचंच काही बिघडलेलं नाही. फोन न करता पत्र लिहितोय कारण फोनवर तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरंच ठेवतेस. पत्र मध्येच ठेवलंस तरी मला कळणार नाही, एवढाच माझा फायदा.

तर सांगायचं ते त्या मनोरंजन-नगरीबद्दल. तू म्हणशील, एरंडेल आणि मनोरंजन? मलाही पटलं नव्हतं. झालं असं, की गेल्या वर्षी अप्पा टीव्हीसमोर बसले होते आणि त्या नगरीची जाहिरात लागली. मोठे पाळणे, किंचाळणारी माणसं, रंगवलेले किल्ले, यातल्या कशाकडेही त्यांनी पाहिलं नाही. शेवटी तळ्याखालचं रेस्टॉरंट दाखवलं. वर काच, काचेवर पाणी, पाण्यात मासे, आणि खाली पांढऱ्या कोटातला वेटर एका हातावर ट्रे तोलत चाललाय. अप्पा पुढे सरकले. आधी म्हणाले, "कोपर फार बाहेर काढतोय." जाहिरात संपली तेव्हा म्हणाले, "तिथं एकदा बसायचंय मला. उभं नाही राहायचं. बसायचं."

आता तुला वेगळं सांगायला नको, पण कागदावर येऊ दे. स्टेशनसमोरच्या हॉटेलात त्या माणसानं एकेचाळीस वर्षं काढली, शेवटची अठरा हेड वेटर म्हणून, आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत एकदाही टेकला नाही. हॉटेल बंद झालं त्या दिवशी मालकानं सगळ्यांना हॉलमध्ये जेवायला बसवलं, तेव्हा अप्पा वाढत होते. येताना ती "राखीव" लिहिलेली पितळी पाटी आणि बुकिंगची वही घेऊन आले. आयुष्यात त्यांनी आपल्याकडे काही मागितल्याचं तुला आठवतं का? मला आठवत नाही. म्हणून मी म्हटलं, बसवू या. केवढंसं ते काम.

ताई, माझ्यासारख्यानं असं म्हणू नये. वरच्या मजल्यावरची ब्यूटी पार्लरवाली त्या नगरीला तीनदा जाऊन आली आहे. तिला मी "पुढच्या रविवारी जावं म्हणतो" असं सांगितलं, तर तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. नगरीत शिरायला कोणीही शिरतो म्हणे, पण तळ्याखाली जेवायचं तर बरोबर साठ दिवस आधी, पहाटे सहाच्या ठोक्याला, संगणकावर टेबल नोंदवावं लागतं, आणि सहा वाजून चार मिनिटांनी सगळं संपलेलं असतं. साठ दिवस! मी कवळ्या करणारा माणूस. लोक माझ्याकडे दात काढून झाल्यावर येतात आणि "परवा मिळेल का" विचारतात. साठ दिवसांनी, शनिवारी, अमुक वाजता आपल्याला भूक लागलेली असेल, ही खात्री माणसाला येते कुठून? मला तर संध्याकाळच्या भुकेची सकाळी खात्री नसते.

तरी बसलो. पहिल्या पहाटे साठ दिवस आजपासून मोजायचे की उद्यापासून, यावर तुझ्या भावजयीचं आणि माझं वाजलं. तिचं बरोबर होतं, म्हणून आम्ही माझं ऐकलं आणि एक दिवस चुकलो. दुसऱ्या खेपेला संगणकानं मी माणूस आहे हे सिद्ध करायला सांगितलं. नऊ चित्रं दाखवून म्हणे, ज्यांत शिडी आहे ती निवडा. एका चित्रात शिडीची नुसती सावली होती. सावलीला शिडी म्हणावं का, या विचारात मी पडलो आणि तेवढ्यात टेबलं गेली. (लेक म्हणाली, "बाबा, एवढा विचार माणूसच करतो, त्यांनी त्यावरच पास करायला हवं होतं.") तिसऱ्या खेपेला लेकीनं मला उठवून स्वतः बसून घेतलं आणि सहा वाजून दोन मिनिटांनी ओरडली, "मिळालं!" शनिवार, सकाळचे अकरा चाळीस. ही काय जेवायची वेळ झाली, पण वाद कोण घालतो. आम्ही चौघं, आणि उरलेलं टेबल होतं पाच जणांचं. पाचवी खुर्ची कोणाची, यावर घरात कोणी बोललं नाही. ती तुझीच होती. तुला कळवायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो, कारण मला तुझी भीती वाटते, हे तुलाही ठाऊक आहे.

मग ते साठ दिवस सुरू झाले. ते दिवस चांगले गेले नाहीत. तळ्याखाली काही चावायला लागेल म्हणून मी अप्पांसाठी नवी कवळी करायला घेतली. माप घेतलं, साचा ओतला आणि मागच्या वर्षीच्या साच्याशेजारी ठेवला. धंद्यात मी हजार जबडे पाहिले असतील, हिरड्या आटतातच, त्यात नवल नाही. पण हे दोन साचे एकाच माणसाचे वाटेनात. तो दिवस मी काम बंद ठेवलं. त्यांची आठवणही तशीच, दर आठवड्याला थोडी थोडी आटत गेली. आधी औषधाची वेळ गेली, मग गल्लीचं वळण, मग आई जाऊन किती वर्षं झाली ते. राहिलं काय, तर हॉटेल. ते मात्र लख्ख आहे. दुपारी चार ते पाच ते फोनशेजारी वही उघडून बसतात, कारण ती बुकिंग घ्यायची वेळ. घरचा फोन सहसा वाजत नाही, त्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं.

आणि मी दीडशहाण्यानं त्या अर्जात घरचा नंबर दिला होता. (कवळी घासायच्या मशीनपुढे मोबाइल ऐकू येत नाही.) नियम असा, की तीन दिवस आधी रेस्टॉरंटातून फोन येतो, टेबल हवंय ना विचारतात, हो म्हटलं की पक्कं. बुधवारी मी कामावर होतो, ही दुकानात गेली होती, लेक कॉलेजात. पिशव्या भरून दाराशी ठेवलेल्या. संध्याकाळी घरी आलो तर अप्पा जरा खिन्न दिसले. विचारलं, तर म्हणाले, "आज एका बाईंचा फोन आला होता. शनिवार, पाच जण, अकरा चाळीस. फार गोड बोलत होत्या. नाही म्हणावं लागलं. शनिवारी आपल्याकडे पाय ठेवायला जागा नसते."

मी लगेच फोन लावला. तिकडची बाई म्हणाली, "आपल्याकडच्या गृहस्थांनी स्पष्ट नकार दिला. इतक्या सभ्यपणे आम्हाला आजवर कोणी 'नाही' म्हटलेलं नाही. पुन्हा केव्हाही आठवण करा, असंही म्हणाले." टेबल चार मिनिटांत दुसऱ्यांना गेलं होतं. पुढचं हवं तर साठ दिवस. डॉक्टरांना विचारलं, साठ दिवसांनंतरचं ठरवू का? ते कागदावर काहीतरी लिहीत होते, ते लिहीतच राहिले. म्हणाले, "फार पुढचं नका ठरवू."

पिशव्या रिकाम्या केल्या. मला वाटलं, संपलं. आपल्या नशिबात संपणंही धड नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर जेवणाच्या टेबलावर धुतलेली चादर, पाच ताटल्या, पाच ग्लास पुसून उपडे घातलेले, आणि मध्ये ती पितळी पाटी: "राखीव". अप्पा म्हणाले, कोणीतरी बुकिंग रद्द केलं, जागा झाली आहे, आता ते पाच जणांचं कुटुंब पुन्हा फोन करील. गिऱ्हाईक परत पाठवल्याचं त्यांच्या मनाला लागलं होतं. त्या दिवसापासून, ताई, आज अकरावा दिवस, आम्ही स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून जेवतोय. टेबलाला हात लावायची सोय नाही. लेकीनं एकदा कॉलेजची वही ठेवली, तर अप्पांनी ती दोन बोटांनी उचलून परत दिली. "अप्पा, तुम्ही तरी बसा," असं मी रोज म्हणतो. ते म्हणतात, "अहो, राखीव आहे," आणि भिंतीला पाठ न टेकवता उभे राहतात. रात्री पाटी उचलताना एवढंच म्हणतात, "आज आले नाहीत. उद्या येतील." तळ्याखाली एकदा बसायचं म्हणणारा माणूस आता घरातसुद्धा बसत नाही. माझ्या प्रयत्नांना आलेलं फळ ते हे.

असो. तुला वाईट वाटावं म्हणून लिहिलेलं नाही. तुझ्याकडून काही नको, नुसतं कानावर घालावं म्हटलं. तिकडच्या मोठ्यांना नमस्कार. आशीर्वाद मात्र तिकडूनच पाठव, इकडे तुटवडा आहे.

तुझा,
एरंडेल

ता. क. : वर "काही नको" लिहिलंय ते खोटं आहे. पत्राचं पाकीट चिकटवलं आणि पुन्हा फोडलं. त्या कुटुंबाचा फोन आला पाहिजे, त्याशिवाय ते टेबल उघडणार नाही. आम्ही करून पाहिला. तुझी भावजय शेजारून आवाज बदलून बोलली, तर अप्पा म्हणाले, "सूनबाई, कामाच्या वेळी चेष्टा नको." लेकीला तर पहिल्या शब्दाला ओळखलं. रोजचे आवाज ते बरोबर ओळखतात. त्यांना न ओळखू येणारा, पण घरचा, असा एकच आवाज उरला आहे. तो तुझा. दीड वर्षापूर्वी तू न कळवता आलीस, आणि दारात अप्पांनी वाकून विचारलं, "बाईसाहेब, आपलं बुकिंग आहे का?" तू उंबऱ्यावरून परत फिरलीस ती आजतागायत. तुझी चूक नव्हती. त्यांचीही नव्हती. पण या खेपेला बुकिंग करून ये ना.

ता. क. दुसरा : नंबर जुनाच. चार ते पाच. "अप्पा" म्हणू नकोस, रडू नकोस. पाच जण सांग. आलीस की बेल वाजव, आम्ही तिघं जिन्यात थांबलेलो असू, चपला घालून, तुझ्यामागून पाहुण्यांसारखे आत येऊ. ते तुझी खुर्ची मागे ओढतील, तेव्हा हात लावू नकोस, त्यांना आवडत नाही. आणि सगळे बसलो की म्हण, आमचा एक माणूस आला नाही, त्याच्या जागी तुम्ही बसा. आमच्या सांगण्यानं ते बसत नाहीत, पण गिऱ्हाइकाचा शब्द त्यांनी एकेचाळीस वर्षांत मोडलेला नाही. नवी कवळी तयार आहे. काचेवरचे मासे तेवढे मिळणार नाहीत.

ता. क. तिसरा : तुला रजा किती आधी टाकावी लागेल हे मला माहीत नाही, म्हणून आत्ताच जाऊन त्यांना विचारलं, "साहेब, पाच जणांचं टेबल हवं तर किती दिवस आधी सांगावं लागेल?" त्यांनी वही उघडली, बराच वेळ पानं चाळली. मग म्हणाले, "उद्याचं देतो. परवाचं मला आत्ता सांगता येत नाही."