केस लावण्याआधी

उस्कुदार, इस्तंबूल
रविवार, ३० जून

प्रिय तुर्गुत,

तुझं पत्र पोचलं. तू सुखरूप आहेस, रॉटरडॅमला पाऊस आहे आणि तुझी सायकल पुन्हा चोरीला गेली, एवढं कळलं. आम्ही दोघी ठीक आहोत. उन्हाळा लागला की आईचा गुडघा जरा बरा असतो. खालच्या मजल्यावरच्या हिक्मेतकाकांनी गावाहून जर्दाळू आणले होते, त्यातले निम्मे आपल्याकडे पाठवले. मुरांब्यासाठी म्हणून मी बाजूला ठेवले आणि मग आम्ही दोघींनी मिळून ते नुसतेच फस्त केले.

दोन पानं हवापाणी लिहून झाल्यावर तू अगदी शेवटी मुद्द्यावर आलास. म्हणे, ताई, तू केस लावायच्या दवाखान्यातच काम करतेस, तर लावून घेण्याआधी काय काय माहीत असावं ते लिही आणि जुलैतला एखादा मंगळवार माझ्यासाठी धरून ठेव. कारण काय, तर ऑफिसातली माणसं चेष्टा करतात. इतकी वर्षं तेच टक्कल घेऊन त्याच माणसांमध्ये बसलास, तेव्हा काही वाटलं नाही. आत्ताच बरं खुपलं! असो. विचारलंस तर सांगते. तुझ्यासारख्यांना रोज पालथं झोपवणं हाच माझा धंदा आहे.

पहिली गोष्ट, आम्ही केस उगवत नाही. डोक्यामागचे काढतो आणि पुढे लावतो, बस. मागचा साठा जेवढा आहे तेवढाच. एकदा काढला की तिथे पुन्हा येत नाही. म्हणून जो सांगेल की एका बैठकीत सगळं डोकं भरून देतो, त्याच्या दारातूनच परत फिरायचं. आणि लावलेले टिकले तरी तुझे मूळचे उरलेले गळतच राहतात. त्यासाठी गोळ्या असतात, त्या सोसतील का ते डॉक्टरला आधी विचारायचं, मला नाही.

दुसरं, केस रोवायला डोक्यात भोकं कोण पाडणार ते तोंडावर विचार. डॉक्टर पाडणार, की फोटोपुरता येऊन जाणार? एका दिवसात किती डोकी करता, तेही विचार. आमच्याकडे डॉक्टर स्वतः करतात, म्हणून तर मी टिकले. साखर, रक्त पातळ करायच्या गोळ्या, सिगारेट, काही लपवायचं नाही. तू सिगारेट सोडलीस असं आईला सांगतोस. मला माहीत आहे की सोडलेली नाहीस.

तिसरं, कपाळावरची रेघ. सगळ्यांना ती खाली हवी असते. परवा एक पन्नाशीचे गृहस्थ लग्नातला फोटो घेऊन आले. 'अशी काढा!' डॉक्टर म्हणाले, "काढतो, पण चेहरा कुठून आणू?" गृहस्थ चिडले, मग हसले, मग दोन बोटं वर सरकले. तुझ्यासारख्या एक्केचाळीस वर्षांच्या माणसाने विशीतली रेघ मागायची नाही. लोकांना केस दिसत नाहीत, टोप दिसतो.

आणि उन्हाळ्यात तर मुळीच नाही. ऊन नको, घाम नको. तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरते. उशा रचून अर्धवट बसून झोपायचं. पुढचे दहा दिवस लावलेल्या जागेला कुणाचा हात लागता कामा नये, तुझा स्वतःचासुद्धा. मग खपल्या पडतात, आणि महिन्याभरात लावलेले केसही गळून जातात. गळतातच. दर आठवड्याला कुणी ना कुणी फोनवर रडतं, आणि मी समजावते की मुळं आत आहेत, धीर धरा. तीन-चार महिन्यांनी बारीक लव दिसते. आरशात बघून समाधान वाटायला वर्ष जातं.

वर्ष, तुर्गुत. हे लिहायलाच मी एवढं पाल्हाळ लावलं.

मध्ये उठले होते. आईने हाक मारली, खिडकीतून बोटी दाखवायच्या होत्या तिला. आता ती गच्चीवर सावलीत बसून वेलाच्या पानांत भात गुंडाळते आहे. बोटं अजून सुरेख चालतात, एकही गुंडाळी सुटत नाही. मी फोन न करता पत्र लिहायला बसले ते यासाठीच. फोनवर ती शेजारी असते.

ऑफिसातल्या लोकांची थाप मला मारू नकोस. ईदेच्या दिवशी फोन मीच धरला होता तिच्यासमोर. पडद्यावर तू आलास, आणि आईने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेतला, परक्या पुरुषासमोर ओढतात तसा. मला म्हणाली, "हे कोण गृहस्थ? त्यांना सांग ना, माझ्या कुरळ्याचा फोन यायचाय, लाइन अडवू नका म्हणावं." मी काही बोलायच्या आत तू हसलास. "बरोबर आहे काकू, ठेवतो," म्हणालास.

काकू म्हणालास तू तिला. तू फोन ठेवल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आणि थोड्याच दिवसांत तुझं हे पत्र आलं. तुझी ताई आहे रे मी. डोक्यावर केस आले की आई ओळखेल, असंच ना?

नाही ओळखणार. हे दुसऱ्या कुणाला मी इतकं तोडून सांगितलं नसतं. तिच्या मनात जो कुरळ्या आहे तो विशीतला आहे, आणि तो बंदरावर बॅग घेऊन उभा आहे. तुझ्या डोक्यामागचे केस आता निम्मे पांढरे आहेत. ते पुढे आणून लावले तरी तो मुलगा होणार नाही. आणि झाला असता तरी वर्ष लागलं असतं. आईकडे तेवढं वर्ष आहे असं मला वाटत नाही. ती जगेल, देवाच्या कृपेने खूप जगेल. पण रोज थोडी थोडी घरातून निघून जाते आहे.

तुझा बेतही मला कळला. विमानतळावरून हॉटेल, मंगळवारी टेबलावर, आणि मग डोक्याला काळी पट्टी बांधून घरी येऊन आम्हाला चकित करायचं. तर मग हे ऐक. हिक्मेतकाकांचा जावई वेयसेल, त्याने ईदेच्या आदल्या आठवड्यात आमच्याकडेच केस लावले. ईदेला आला, आईसमोर वाकला, हाताची पापी घेतली. आणि तिथेच थांबला! पापीनंतर तो हात आपल्या कपाळाला लावायचा, तर कपाळावर नवी लावणी. हात तसाच हनुवटीपाशी धरून उभा. आईने हात काढून घेतला. "कुणाचा रे तू? हात अर्ध्यावर सोडायचा, हे कुठलं वळण?" आशीर्वाद दिला नाही, खडीसाखर दिली नाही. वेयसेल बिचारा लाल झाला. सगळे हसले, मीही हसले. पण तुझं पत्र वाचलं आणि त्याच्या जागी तू दिसलास.

कारण तिच्या हाताला अजून कळतं. मी रोज सकाळी कामाला निघताना तिचा हात कपाळाला लावते. तिची बोटं आपोआप माझ्या केसांत जातात आणि ती म्हणते, "तुझा हात चुंबणारे पुष्कळ होवोत. आणि ओल्या केसांनी बाहेर पडू नकोस." अगदी त्याच आवाजात, जसा आपल्याला शाळेत पाठवताना होता. माझे केस कोरडे असले तरी म्हणते. त्या क्षणी ती पूर्ण इथे असते. म्हणून तुझ्या उघड्या डोक्यावर तिचा हात जाऊ दे. काय म्हणेल मला माहीत नाही. काहीच म्हणणार नाही असंही होईल. ओळखेलच असं वचन मी देत नाही. पण दहा दिवस हात लावू न देता तिच्यासमोर बसून राहणं, ते मी तुला करू देणार नाही.

आता उरलेलं एक. ते तुला सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

हात कपाळाला लावून झाला, आशीर्वाद मिळाला, की ती माझ्याकडे नीट बघते. मग अदबीने म्हणते, "फार करतेस हो माझ्यासाठी. आता घरी जा, पोरी. तुझी आई वाट बघत असेल." ही हिवाळ्यापासूनची गोष्ट. पहिल्यांदा मी म्हटलं, "आई, मीच ना ती." ती इतकी घाबरली की पुन्हा नाही म्हटलं. आता मी "हो, जाते" म्हणते, जिना उतरते, आणि संध्याकाळी पुन्हा शेजारची मुलगी होऊन वर येते. माझ्या डोक्यावर केस दाट आहेत, तुर्गुत. एकही गळलेला नाही.

तुला एकट्यालाच विसरली असं समजून तू तिकडे झुरत बसलास, आणि मी तुला तसं समजू दिलं, कारण निदान एकाच्या तरी मनात ताईला आई ओळखते असं राहू दे असं वाटत होतं. आता राहवत नाही. घरात बोलते, हसते, जर्दाळू खाते, पण मला नावाने हाक मारणारं इथे कुणी उरलेलं नाही. मला तू हवा आहेस. आईसाठी ये असं मी लिहिणार होते, पण ते निम्मंच खरं आहे.

तुझ्यासाठी धरलेला मंगळवार मी काल दुसऱ्या माणसाला देऊन टाकला. विमान मात्र रद्द करू नकोस. हॉटेलवर जाऊ नकोस. बोटीने उस्कुदारला उतर, मी धक्क्यावर असेन. रागावला असशील तर तिथेच, सगळ्यांसमोर रागव, पण मोठ्याने हाक मारून.

तुझी ताई,
नेर्मिन