लोण्यामागची बुरशी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. कंबर कशी आहे? (व्यायाम करत नसशील तर उत्तर देऊ नकोस, मला कळलं.) माझी तब्येत ठणठणीत, डोकं मात्र ठिकाणावर नाही. कारण तुझी लेक.

शिकायला माझ्याकडे ठेवलीस, ठीक. पण ही शिकते काय, तर बुरशी. माझ्या मैत्रिणीकडे चहाला नेली, तर ही अंगणात उकिडवी बसून चमच्याने माती उकरतेय. म्हणते, मातीतल्या बुरश्या शेजारच्या जंतूंशी कायम भांडतात, आणि भांडताना जे सोडतात त्यातून नवं औषध निघू शकतं. जुनी औषधं जंतूंनी कोळून प्यायली आहेत. (बरं वाटलं की तू उरलेल्या गोळ्या डब्यात ठेवून देतोस, हे मी तिला सांगितलेलं नाही.)

मध्ये तिच्या प्रयोगशाळेतला फ्रीज बिघडला, तर बाईसाहेबांनी काचेच्या बश्या माझ्या फ्रीजमध्ये ठेवल्या. लोण्याच्या मागे, मला न विचारता. शनिवारी मी साफसफाई काढते, हे तुझ्या पाठीला लहानपणापासून ठाऊक आहे. करडी लव आलेल्या बश्या बघून कोणीही शहाणं माणूस करील तेच मी केलं. उकळतं पाणी, साबण, आणि उन्हात पालथ्या. अशा लखलखीत निघाल्या की मी तिला बोलावून दाखवल्या.

मागाहून कळलं, त्यांतल्या एका बशीत बुरशीभोवती ते औषधांना न जुमानणारे हट्टी जंतू वाढलेच नव्हते. इतक्या खटपटीनंतर पहिल्यांदाच. ती ओरडली असती तर मीही दोन शब्द सुनावले असते. ती फक्त म्हणाली, "छान निघाल्यात, आत्या," आणि पानावर बसली. तेव्हापासून घरात इतकी शांतता आहे की मलाच भांडी आपटावी लागतात.

तुझी,
ताई

ता.क. त्या बशीतली बुरशी ज्या मातीतून आली, ती माझ्या मागच्या दारच्या फुटक्या कुंडीतली होती, असं काल कळलं. या घरात मी कधीच न पुसलेली ती एकच वस्तू. तीच तू मागच्या खेपेला गाडीत घालून नेलीस. मी ती फेकून दिली असं पोरगी धरून चालली आहे, विचारलंसुद्धा नाही.

ता.क. २. त्या मातीत ती बुरशी पुन्हा सापडू शकते म्हणे. तेव्हा कुंडीला पाणी, खत, माया काही नको. जन्मभर केलास तोच आळस आता मन लावून कर, आणि रविवारी कुंडी घेऊन ये.

ता.क. ३. लोण्याचा कप्पा मी रिकामा केला आहे. तिथे यापुढे हात लावणार नाही, हे तिला तूच सांग. माझ्या तोंडून ते रागावल्यासारखं निघेल.